पेठ नाक्यापुढचा कॅमशाफ्ट

माणूस पन्नाशीला आला की व्हीआरएसचा विचार करतो. मोटार पन्नाशीला आली की सरकार तिला ‘व्हिंटेज’ म्हणतं. ही चेष्टा नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये तसे नियमच काढले आहेत. गाडीला पन्नास वर्षं पूर्ण झाली, ती मूळ रूपात असली, आणि तिच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले नसले, तर वीस हजार रुपये भरून तिला ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते. त्यानंतर तिनं रोजच्या कामाला बाहेर पडायचं नाही. प्रदर्शनात, रॅलीत मिरवायचं, फोटो काढून घ्यायचे आणि घरी जायचं.

हेवा वाटावा असं म्हातारपण आहे. अडचण आहे ती त्याच्या आधीच्या वयाची. पंधराव्या वर्षी गाडीला आरटीओत जाऊन आपण अजून जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं, आणि त्या सिद्धतेची फी १ एप्रिल २०२२पासून सहाशेवरून पाच हजार झाली आहे. तिथून पन्नाशीपर्यंतची पस्तीस वर्षं मोटार नवी नसते आणि ऐतिहासिकही नसते. नुसती जुनी असते. शेजारी विचारतात, ‘अजून हीच का?’ भंगारवाला गल्लीतून जाताना जरा रेंगाळतो.

साताऱ्यातल्या आमच्या एका मित्राची एस्टीम अशा अडनिड्या वयाची आहे. २००० सालची. मारुतीनं एस्टीम १९९४ साली आणली आणि २००७ साली बंद केली. आधी ती कार्बोरेटरवर चालायची. मग प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्बोरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. सोळा व्हॉल्व्ह, १२९८ सीसी, ८५ हॉर्सपॉवर आणि अंगानं सडपातळ. त्यामुळे रॅलीवाल्या पोरांची ती लाडकी होती. डिकीवर या इंजेक्शनची ‘एमपीएफआय’ ही चार अक्षरं असायची आणि मालक उरलेली गाडी धुवो न धुवो, ती अक्षरं रोज फडक्यानं पुसायचा. आमचा मित्र अजून पुसतो. फक्त गेल्या पावसाळ्यापासून गाडी ऑइल प्यायला लागली, यवतेश्वरच्या घाटात निळा धूर मारायला लागली, आणि मागून येणारे लोक काच खाली करून त्याच्याशी बोलायला लागले. काय बोलायचे ते इथे लिहिता येत नाही.

इंजिन खोलायचं ठरलं. साताऱ्याच्या माणसाचं इंजिन सांगलीत का खोलायचं, तर मित्राची सासुरवाडी मिरजेची आहे आणि सांगली-मिरज रस्त्यावर त्याच्या सासऱ्यांच्या ओळखीचे एक मेस्त्री आहेत. या मेस्त्रींनी उमेदवारी केली डिझेलच्या पंप-नोझलवर. त्यामुळे पेट्रोल गाडीतल्या इंजेक्शनबद्दल शहरी माणसाला असतो तो धाक त्यांना नाही.

“इंजेक्शनला काय भ्यायचं, साहेब?” ते म्हणाले. “आमच्या आज्ज्याच्या मळ्यातलं पाण्याचं इंजिन इंजेक्शनवरच हुतं की!”

गोष्ट खरी आहे. डिझेल इंजिनाला कार्बोरेटर कधी नसतोच; तेल दाबानं सिलिंडरमध्ये फवारावंच लागतं. बॉशनं त्यासाठीचा पंप १९२७ साली कारखान्यातून बाहेर काढायला सुरुवात केली. पेट्रोलच्या फोर-स्ट्रोक मोटारीत ते यायला १९५४ उजाडलं, तेही मर्सिडीजच्या ३०० एसएलसारख्या, दरवाजे पंखासारखे वर उघडणाऱ्या श्रीमंती गाडीत. विजेच्या मेंदूवर चालणारं इंजेक्शन फोक्सवागनच्या १६०० गाडीत आलं ते १९६७ साली. या हिशेबानं कृष्णाकाठी डिझेल इंजिनावर उसाला पाणी पाजणारा शेतकरी हा गावातल्या फियाटवाल्या डॉक्टरांपेक्षा तंत्रज्ञानात एक पिढी पुढं होता. डॉक्टर त्याला इंजेक्शन देत होते, पण त्यांची स्वतःची गाडी चोक ओढल्याशिवाय सुरू होत नव्हती.

मुळात या दोन जिल्ह्यांत इंजिन खोलणं हेच धाडस आहे. कारण इथं सल्ला देण्याचा अधिकार नसलेला माणूस सापडत नाही. औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर करायला घेतले. इकडे सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना काढला, नांगरापासून डिझेल इंजिनापर्यंत मजल मारली, आणि १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचं पंतप्रधानपदही सांभाळलं. (प्रांताच्या प्रमुखाला तेव्हा पंतप्रधानच म्हणत.) महाराष्ट्राच्या राजकारणात पुढं साखरवाले आले, दूधवाले आले, शाळा-कॉलेजवाले आले, पण पहिला मान इंजिनवाल्यानं घेतलेला आहे, याचा सातारकर विसर पडू देत नाहीत. भरीला सांगलीत १९४७पासून इंजिनिअरिंग कॉलेज आहे, जे पुढं वालचंद झालं. त्यामुळे चहाच्या टपरीवर बसलेल्या चौघांत एक डिग्रीवाला, एक डिप्लोमावाला, एक आयटीआयवाला आणि एक काहीच नसलेला असतो. यातल्या चौथ्याचं निदान बहुतेक वेळा बरोबर येतं.

इंजिन उतरलं. हेड उतरलं. नट-बोल्ट, वॉशर, कॉटर वगैरे ठेवायला मित्र साताऱ्याहून कंदी पेढ्यांचे रिकामे खोके घेऊन गेला होता. ते सगळेच रिकामे नसल्याचं गॅरेजमधल्या पोरांना आधी कळलं. व्हॉल्व्हचे कॉटर खवा चिकटलेल्या अवस्थेत सापडले, आणि मेस्त्रींनी ते पेट्रोलमध्ये धुताना फार हळहळ व्यक्त केली, कॉटरबद्दल नव्हे.

बोअर खाल्ला होता. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७४ मिलिमीटर. तो साडेचौऱ्याहत्तर करून पॉइंट फाइव्ह ओव्हरसाइज पिस्टन घालायचं ठरलं. यात १२९८ सीसीचं इंजिन साधारण १३१६ सीसीचं होतं. हे कागदावर मांडल्यापासून मित्र अठरा सीसी हुंड्यात मिळाल्यासारखा वागायला लागला. क्रँक चांगला निघाला. गाइड, सील, रिंगा, बेअरिंग ही यादी झाली. इथवर कुणाचंच दुमत नव्हतं.

मग मेस्त्रींनी कॅमशाफ्ट हातात घेतला, उजेडाकडं धरला, त्याच्या एका टेंगळावरनं नख फिरवलं आणि म्हणाले, “ह्यो गेला.”

इथून पुढं कथेला खरं वळण लागलं.

मोटारीची माहिती नसलेल्या वाचकांसाठी दोन शब्द. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर आडवा झोपलेला एक दांडा. त्याच्यावर अंड्याच्या आकाराची टेंगळं असतात. क्रँकच्या दोन फेऱ्यांत याची एक फेरी होते, आणि टेंगूळ वर आलं की ते रॉकरला दाबतं, रॉकर व्हॉल्व्हला दाबतो, हवा आत येते किंवा धूर बाहेर जातो. इंजिन सहा हजार आरपीएमवर असेल तर एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नास वेळा उघडतो. तो किती उघडायचा, केव्हा उघडायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा, हे सगळं त्या टेंगळाच्या आकारात कोरलेलं असतं. पिस्टन, क्रँक, रिंगा ही सगळी कष्टकरी मंडळी. गाडीचा स्वभाव ठरतो तो कॅममध्ये.

आणि स्वभाव निवडायची संधी माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होती.

साधा मार्ग सरळ होता. एस्टीमचं इंजिन ज्या कुळातलं, त्याच कुळातलं इंजिन जिप्सीत होतं, आणि जिप्सी २०१९पर्यंत निघत होती. सैन्यानंही ती भरपूर वापरली. त्यामुळे कंपनीच्या मापाचा कॅम मिळणं कठीण नव्हतं. पण ‘कंपनीचाच घातला’ हे वाक्य चारचौघांत सांगण्यासारखं नाही. रॅलीवाल्यांसाठी तापट कॅम मिळतात. त्यांची टेंगळं उंच आणि लठ्ठ. साध्या कॅमवर व्हॉल्व्ह क्रँकच्या फेरीचे सुमारे अडीचशे अंश उघडा राहतो. तापट कॅमवर तो तीनशेच्या घरात जातो. त्यामुळे वरच्या आरपीएमला इंजिन भरपूर श्वास घेतं आणि सुसाट पळतं. उभं असताना मात्र ते धडधडतं, अडखळतं, थरथरतं. या थरथरण्यालाच शौकीन मंडळी ‘आवाज’ म्हणतात.

मित्राला आवाज हवा होता.

घरात बैठक बसली. मित्राचे वडील साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समधून निवृत्त झालेले. सरकारी महामंडळ आणि बजाज यांनी मिळून १९७५ साली काढलेली ती कंपनी; तिथली ‘प्रिया’ एके काळी जिल्ह्यातल्या निम्म्या लग्नांत मध्यस्थासारखी वावरलेली. वडिलांनी सगळी चर्चा ऐकून घेतली आणि म्हणाले, “अरे, टू-स्ट्रोकला कॅमच नसतो. व्हॉल्व्हपण नसतो. आम्ही जन्मभर स्कूटरी जोडल्या, एकीलाही कॅम नव्हता. पळाल्या नाहीत का?”

याला उत्तर नव्हतं. तांत्रिकदृष्ट्या तर मुळीच नव्हतं.

सासरे किर्लोस्करवाडीत नोकरी केलेले, म्हणजे पंपाच्या संस्कारातले. त्यांचा आक्षेप वेगळ्या पातळीवरचा होता. शेतावरचं जुनं संथ इंजिन मिनिटाला साडेसहाशे फेऱ्या मारायचं आणि आयुष्यभर मारायचं. “सहा हजार?” ते म्हणाले. “जावईबापू, इतकी घाई कशाची आहे?” जावयाला या प्रश्नात इंजिनापलीकडचं काही ऐकू आलं आणि तो गप्प बसला.

गॅरेजमध्ये रोज संध्याकाळी एक पैलवानी अंगाचे गृहस्थ येऊन बसत. त्यांची बैलजोडी शर्यतीची. शर्यतींवर २०१४ साली बंदी आली तेव्हा ते खचले होते. २०२३ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींचा कायदा ग्राह्य धरला, तेव्हापासून वय दहा वर्षांनी कमी झालेलं. त्यांनी मित्राला एकच प्रश्न विचारला : “सुटायला कशी पायजे? का शेवटाला?” जगभरचे इंजिनिअर कॅम निवडताना जाडजूड पुस्तकं लिहून हाच प्रश्न विचारतात. खालच्या फेऱ्यांना जोर हवा, की वरच्या? एका टेंगळात दोन्ही बसत नाही. मित्र म्हणाला, “दोन्हीकडं.” पैलवानांनी त्याच्याकडं अतिशय करुणेनं पाहिलं.

होंडानं यावर उपाय काढला होता म्हणा. १९८९च्या इंटेग्रात त्यांनी एकाच दांड्यावर दोन तऱ्हेची टेंगळं घातली, शांत आणि तापट, आणि वेग वाढला की इंजिन स्वतःच एकावरून दुसऱ्यावर उडी मारायचं. हीच व्हीटेकची करामत २००० साली आपल्याकडच्या होंडा सिटीत आली. ती घेतलेली मंडळी अजून भेटली की आधी हात हातात घेतात आणि मग आपण व्हीटेकवाले असल्याचं सांगतात. आमच्या मित्राच्या नशिबी मात्र एकच स्वभाव होता, आणि तो त्यालाच निवडायचा होता.

अशात त्याला कुणीतरी सांगितलं की जगभरच्या मोटारींचे कॅमशाफ्ट सोलापुरात होतात. ही थाप वाटावी अशी बातमी खरी आहे. १९९२ साली तिथं प्रिसिजन कॅमशाफ्ट्स सुरू झाली आणि देशोदेशीच्या मोटार कंपन्यांना ती कॅम पुरवते. ओतकाम करताना टेंगळांच्या जागी लोखंड झटकन थंड करतात, त्यामुळे तेवढाच भाग कठीण होतो आणि बाकीचा दांडा तुलनेनं मऊ राहतो. मित्र लगेच सोलापूरला निघाला होता. सासऱ्यांनी थांबवलं. तो कारखाना मोटार कंपन्यांसाठी घाऊक माल काढतो. साताऱ्याहून एस्टीमवाला एक इसम पिशवी घेऊन आला म्हणून फाटक उघडत नाही. “सोलापुरास जा,” ते म्हणाले, “पण येताना चादर घेऊन ये. म्हणजे हेलपाटा वाया जायचा नाही.”

जुनाच कॅम घासून नवा आकार द्यावा, असाही एक सल्ला आला. क्रँक घासणारे लेथवाले सांगली-कोल्हापुरात भरपूर आहेत. पण कॅमचा आकार क्रँकसारखा नुसता गोल नसतो आणि वरचा कठीण थर पातळ असतो. तो घासून निघाला की खालचं मऊ लोखंड महिन्याभरात झिजतं. हे मेस्त्रींनी सांगितलं आणि सल्ला देणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावलं.

शेवटी मेस्त्री मित्राला घेऊन मिरजेला गेले. त्यांच्या एका नातेवाइकाचं तंबोऱ्याचं दुकान आहे तिथं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण कसब दीडशे वर्षांहून जुनं आहे. आणि ते सुरू केलं शिकलगारांनी, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्या घराण्यातल्या माणसांनी. लढाया संपल्या, हात शिल्लक राहिले. तिथं एक वयस्कर कारागीर घोडीवरची जवारी लावत बसले होते. घोडीचा माथा दिसायला सपाट, पण त्याला डोळ्यांना न दिसणारी गोलाई असते. तार त्या गोलाईला कुठं टेकते आणि कुठं सुटते यावर तंबोरा गुंजतो की नुसता टणटणतो हे ठरतं. कारागीर कानस एकदा फिरवत, तार छेडत, ऐकत, पुन्हा एकदा फिरवत. मायक्रोमीटर नाही, डिग्रीची चकती नाही.

“बघा साहेब,” मेस्त्री हळू आवाजात म्हणाले, “ह्यो बी कॅमच हाय. आता हितं कुणी म्हणतंय का, जवारी जरा उंच लावा, आवाज मोठ्ठा येऊ द्या?”

कारागिरांनी मान वर न करता विचारलं, “गाणार कोण आहे? बाई की पुरुष? त्यावर लावतो.”

परतताना मित्र बराच वेळ बोलला नाही. पण नाद सुटला असं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं तापट कॅमच्या बाजूनं नवा मुद्दा काढला, आणि मेस्त्रींना धीर धरून खरी अडचण सांगावी लागली. ती मला फार आवडली.

कार्बोरेटरच्या जमान्यात कॅम बदलला की जेट बदलायचा, स्क्रू पिळायचा, गाडी ऐकून घ्यायची. इंजेक्शनच्या गाडीत मध्ये एक कारकून बसलेला असतो, संगणक. तो इंजिन डोळ्यांनी बघत नाही. इंजिन हवा ओढतं तेव्हा इनटेकमध्ये किती दाब राहतो, एवढं एक सेन्सर त्याला सांगतो आणि त्यावरून तो पेट्रोलचा हिशेब करतो. साध्या कॅमवर गाडी उभी असताना ही ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, चांगली पडते. कारकुनाला कळतं, साहेब निवांत आहेत. तापट कॅमवर आत येणारा आणि बाहेर जाणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह काही काळ एकदम उघडे राहतात (हाच ओव्हरलॅप), ओढ ढिली पडते, दाब वाढलेला दिसतो. कारकून समजतो, साहेबांनी अॅक्सिलरेटर दाबलाय, घाट चढतायत. तो पेट्रोल वाढवतो. गाडी साताऱ्याच्या पोवई नाक्यावर सिग्नलला उभी, आणि कागदोपत्री ती महाबळेश्वर चढतेय. मग धूर, मग मिसिंग, मग चेक इंजिनचा पिवळा दिवा. ब्रेकला मदत करणारा बूस्टरही त्याच ओढीवर चालतो, त्यामुळे ओढ गेली की ब्रेकही जड. वर उंच टेंगळाला कडक स्प्रिंगा लागतात, आणि व्हॉल्व्ह पिस्टनला भिडत नाही ना हे बघायला पिस्टनवर मुलांच्या खेळातली माती चिकटवून इंजिन हातानं फिरवावं लागतं. मित्रानं घरून माती आणली होती. मुलीनं ती परत मागितली, हा भाग वेगळा.

“सगळं हुतंय,” मेस्त्री म्हणाले. “स्प्रिंगा बदलू, संगणकाचा हिशेब नव्यानं लिहून घिऊ, इषय हार्ड करू. पण आधी मला एक सांगा. पुढच्या ऐतवारी मेव्हण्याच्या गाडीतनं येतायसा न्हवं? तिचा आरपीएमचा काटा बघत या. सातारा ते सांगली.”

तो बघत आला. सातारा सोडल्यापासून कऱ्हाडपर्यंत महामार्गावर काटा अडीच-तीन हजारांत. मध्ये कुणीतरी डावीकडून घुसला तेव्हा रागानं चार हजार. कऱ्हाडच्या पुढं पुन्हा तीन. मग पेठ नाक्याला वळला. आणि पेठ नाक्यापुढं काटा जो खाली बसला तो बसलाच. हंगाम चालू होता. पुढं दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, त्याच्या पुढं तसाच एक, त्याच्याही पुढं बैलगाड्या. स्पीकरवर गाणी. आष्ट्यापर्यंत दुसरा आणि तिसरा गिअर, काटा बाराशे ते दोन हजार. ओव्हरटेक करायची जागा आली की समोरून रिकाम्या ट्रॉल्या परत येत होत्या.

“मग सहा हजारांचा कॅम,” मेस्त्रींनी विचारलं, “पेठ नाक्यापुढं कोन वापरनार?”

मित्रानं त्या रात्री केंद्र सरकारचा नियम पुन्हा वाचला. इंजिनात मोठे फेरफार नकोत, असं त्यात स्पष्टच आहे. २०५० साली गाडी पन्नाशीला येईल, तेव्हा आरटीओतला साहेब बॉनेट उघडून विचारेल, मूळचं आहे का? या प्रश्नासाठी त्यानं सकाळी उठून कंपनीच्या मापाचा कॅम मागवला. कारण काय द्यायचं हे ज्याच्या त्याच्या अब्रूवर असतं.

इंजिन बांधलं. टायमिंगच्या खुणा जुळवल्या, टॅपेटला फिलर गेज घातलं, मेस्त्रींनी मोठा स्क्रू-ड्रायव्हर हेडवर टेकवून त्याची मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. काटा साडेआठशेवर थांबला तो हललाच नाही. बॉनेटवर ठेवलेला चहाचा कप तसाच. मित्राच्या चेहऱ्यावर एक क्षण निराशा दिसली. एवढ्या पैशांत निदान थोडं थरथरायला हवं होतं.

साताऱ्याला परत निघालो. मी शेजारी बसलो होतो. आष्ट्याच्या अलीकडं नेहमीप्रमाणं ट्रॉल्यांच्या मागं सापडलो. तिसरा गिअर, बाराशे आरपीएम, आणि गाडी एक झटका न देता, एक हुंकार न काढता, ट्रॅक्टरच्या मागं मागं चाललेली. मित्र हळूहळू खुलला. मला व्हॅक्यूम समजावून सांगायला लागला, ओव्हरलॅप समजावून सांगायला लागला. पुढं ट्रॅक्टर चहाला थांबला, म्हणून आम्हीही थांबलो. मित्रानं इंजिन मुद्दाम चालू ठेवलं आणि बॉनेट उघडून उभा राहिला, कुणीतरी काही विचारावं म्हणून.

ट्रॅक्टरवाला पोरगा ग्लास हातात घेऊन आला. गाडीभोवती एक चक्कर मारली. आत वाकून बघितलं, कान दिला, डिकीवरची चार अक्षरं वाचली.

“लय गुळगुळीत हाय की ओ,” तो म्हणाला. “चार्जिंगवरची हाय का?”